बेल्हार मतांगीकार

दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड मिशन चर्चने केपटाउनजवळील बेल्हार येथे १९८२ साली मसुदा म्हणून मांडलेला आणि १९८६ साली स्वीकारलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत कबुली. वंशभेद हा दुराचार तर आहेच, पण त्याआधी तो ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यालाच छेद देतो, ही त्याची भूमिका. ती केवढी सयुक्तिक आहे हे प्रभुभोजनाच्या मेजावरच कळते. रंग न पाहता सर्व सभासदांना एकत्र भाकर व प्याला द्यावा, असे तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १८२९ मध्ये ठरवले होते. १८५७ च्या सभेनेही एकत्र उपासनाच शास्त्राला धरून आहे हे मान्य केले. मात्र काहींच्या दुर्बलतेखातर वेगळ्या उपासनेला मुभा दिली. दुर्बलता अर्थातच गोऱ्यांची, आणि मेजावरून उठायचे इतरांनी! या सवलतीची पुढे व्यवस्था झाली: १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळे मिशन चर्च निघाले, आणि १९४८ मध्ये वर्णभेदाचे धोरण घेऊन सत्तेवर आलेले पंतप्रधान मालान हे मूळ चर्चचेच माजी पाळक होते.

वर्णभेदाच्या समर्थकांनी बायबलचेच आधार दिले. देवाने बाबेल येथे भाषा वेगळ्या केल्या, तेव्हा राष्ट्रांनी वेगळे राहावे, असा अर्थ १९७४ च्या चर्च-अहवालातही काढलेला दिसतो. पण प्रेषितांच्या कृत्यांत पेंटेकॉस्टच्या दिवशी भाषा अनेकच राहतात आणि माणसे एकत्र येतात. विविधतेतून विभक्ती निघत नाही. नोहाचा मुलगा हाम शापित, म्हणून कृष्णवर्णीय हलके, हा दाखला तर त्याहून पोकळ. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप हामला नव्हे, त्याचा मुलगा कनान याला आहे आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखही नाही. अंत्युखियात प्रेषित पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला शिष्टाचार शिकवला नाही. तो सुवार्तेच्या सत्याला धरून चालत नाही, असे चारचौघांत सुनावले. ख्रिस्ताने जोडलेल्यांना जन्मावरून तोडले की तारण कृपेने मिळते हा सिद्धान्तच उरत नाही.

शतकभर ख्रिस्ती लोकच हे करत आले, मग विसंगती कुठली, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर १८५७ च्या ठरावातच आहे: नियम मोडताना सभेने नियम कबूल केला होता. वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड होय, असे जागतिक रिफॉर्म्ड चर्चसंघाने १९८२ साली ओटावात जाहीर केले आणि मूळ चर्चचे सभासदत्व निलंबित केले. संघाच्या अध्यक्षपदी निवडले गेले ते मिशन चर्चचेच पाळक ॲलन बोसाक. बेल्हार स्वीकारून मिशन चर्च व कृष्णवर्णीयांचे डच रिफॉर्म्ड चर्च १९९४ मध्ये एक झाले. मूळ चर्चशी एकीकरणाची बोलणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली, आणि तिथे वादाचा एक मुद्दा हा मतांगीकारच होता.