चांदीची मोड आणि शिंपल्याची मूठ

दिवाळीच्या आधी आमच्या घरी चांदीची भांडी उजळण्याचा एक दिवस असे. आजी ओटीवर बसून रांगोळीने ताट, वाट्या, फुलपात्रे घाशी आणि मधूनच म्हणे, “याच्या जोडीचे ताट तुझ्या आत्याच्या लग्नात मोडले.” मोडले म्हणजे सराफाकडे देऊन आटवले. पुढे फ्रान्समधल्या जुन्या चांदीविषयी मी वाचू लागलो, तेव्हा आजीचे ते वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवले. कारण तो इतिहासही बराचसा मोडीचाच आहे.

चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यात मेजे, दीपवृक्ष, इतकेच काय, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्यासुद्धा चांदीच्या करविल्या होत्या. 1689 साली युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा त्याने ते सारे वैभव टाकसाळीत धाडले. सुमारे 20 टन चांदी वितळली. 1709 साली पुन्हा तीच पाळी आली. या खेपेस सरदारांनीही आपली ताटे दिली आणि ते झिलईदार मातीच्या ताटांत जेवू लागले. ‘फायान्स’ नावाच्या त्या मातीच्या भांड्यांचा धंदा त्यामुळे भरभराटला. पुढे पंधराव्या लुईच्या अमदानीत, 1759 साली, आणखी एक आटणी झाली. आणि तीस वर्षांनी राज्यक्रांती आली, तिने उरलेसुरले पुष्कळ गिळले. टाकसाळीत घडणावळीला मोल नसते. तिथे तराजू काय सांगेल तेच खरे.

त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. अठराव्या शतकातली उत्तम फ्रेंच चांदी पाहायची, तर फ्रान्सच्या बाहेर जावे लागते. 1755 च्या भूकंपात लिस्बनचा राजवाडा जमीनदोस्त झाला आणि पोर्तुगालच्या राजाने नवी भांडी पॅरिसच्या फ्रांस्वा-तोमा जेर्मँ या कारागिराकडून घडवून घेतली. त्यांतली बरीचशी आजही लिस्बनमध्ये आहेत. घरात राहिली असती तर वितळली असती. परक्याकडे दिली म्हणून वाचली.

एकोणिसाव्या शतकात चांदी राजवाड्यांतून मध्यमवर्गाच्या मेजावर आली. 1838 पासून फ्रेंच चांदीवर मिनर्व्हा देवीच्या मस्तकाचा ठसा उमटू लागला. ठशात 1 हा आकडा असेल तर हजारात 950 भाग चांदी, 2 असेल तर 800. तिथे मेजावर काटे पालथे मांडण्याची रीत आहे; म्हणून घराण्याची अक्षरे काट्याच्या पाठीवर कोरलेली दिसतात.

या भांड्यांत मला सर्वांत आवडतात त्या फळांच्या सुऱ्या. पाते चांदीचे, कधी सोन्याचा मुलामा दिलेले, आणि मूठ मोत्याच्या शिंपल्याची. हा नुसता शौक नव्हता. फळांच्या आंबटाने पोलादी पाते काळे पडे आणि फळाला लोखंडाची चव लागे. न गंजणारे पोलाद आले ते 1913 च्या सुमारास. तोवर एकाच पेटीत 12 चांदीच्या पात्यांच्या सुऱ्या फळांसाठी आणि 12 पोलादी पात्यांच्या चीजसाठी, असा जोड असे. शिंपल्याचे तेज रंगाचे नसते. त्याच्या आत चुन्याचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवर उजेड खेळतो, म्हणून ती मूठ हलवताच गुलाबी, हिरवी, निळी झाक फिरते. मात्र अशी सुरी कढत पाण्यात टाकू नये. मूठ सैल होते.

या कामाचे मोठे केंद्र पॅरिसच्या उत्तरेस मेरू या गावी होते. दूरच्या समुद्रांतून शिंपले येत आणि तिथे त्यांची बटणे, पंख्यांच्या काड्या, डॉमिनोच्या सोंगट्या होत. कापताना, घासताना उडणारी भुकटी कामगारांच्या छातीत जाई. मजुरीत कपात झाली म्हणून 1909 साली बटणे करणाऱ्यांनी संप केला, तेव्हा सरकारने तिथे लष्कर पाठवले. मेजवानीच्या मेजावर हे कोणाला दिसत नसे.

आणि ही कला फ्रान्सच्या राजाने पहिल्यांदा हाताळली, असेही नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पहिल्या फ्रांस्वा राजाची एक पेटी आहे. तिच्यावरचे शिंपल्याचे काम गुजरातचे; त्यावर चांदीचे सोनेरी कोंदण चढवले ते पिएर मांगो या सोनाराने, 1532-33 साली. तिच्यासमोर उभा असताना खंबायतच्या बाजूचा कोणी नाव नसलेला कारागीर मला आठवत राहिला. मांगोचे नाव निदान उरले आहे.

यंदा आमच्या घरी आजीचे शेवटचे ताट मोडायची गोष्ट निघाली. मी व्हर्सायची हकिगत सांगून विरोध केला. आत्या आता नव्वदीच्या आहेत, त्या हसल्या. म्हणाल्या, “अरे, त्या पहिल्या ताटात एक माणूस जेवला असता. मोडले म्हणून माझ्या लग्नात दोनशे पाने उठली. तुझ्या राजाने काय केले? तोफा ओतल्या!”

मला उत्तर सुचेना. मग आत्यांनीच ताट उलटे केले. मागे ठिपक्याठिपक्यांनी आजीचे नाव घातलेले आहे. त्यावरून बोट फिरवून त्या म्हणाल्या, “पण आता कुणाचे लग्न अडले आहे? राहू दे.”

पाडव्याला त्याच ताटात आत्यांना वाढायचे ठरले आहे.