उकव्याचे रोडगे आणि एक जुनं भांडण

मागच्या हिवाळ्यात नात्यातल्या एका लग्नासाठी उकव्याला गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर पाटी होती, 'दाल-बाटी'. झाकण काढून बघतो तर रोडगे! तेही ओव्हनमधले. लग्नघरी भांडू नये हे या वयात कळतं, तरी वाढणाऱ्या पोराला म्हटलंच, "बाप्पा, याले बाटी नाही म्हणत." पोरगा हसून म्हणाला, "दादाजी, एकही तो है."

एक नाही. बाटी म्हणजे कणकेचा सलग गोळा. माळव्यातले बाफले तर आधी पाण्यात उकळतात, मग भाजतात. रोडग्याला पदर असतात, कांद्यासारखे, एकात एक.

आमचे बाबा मूळचे भंडाऱ्याकडले, उकव्याच्या मँगनीज खाणीत नोकरीला. पौषातल्या एखाद्या रविवारी क्वार्टर्समधली मराठी घरं पळसाच्या झाडांखाली जमायची. त्या दिवशी बायकांना सुट्टी. पुरुषमंडळी गोवऱ्या रचून जगरा पेटवायची. धूर निवेपर्यंत कोणी रोडगा आत घालू द्यायचं नाही. मग लाल विस्तव पसरायचा, रोडगे मांडायचे, वरून गरम राख. बाबा एकेक उचलून बोटाने ठोकून बघत; आवाज पोकळ आला की झाला. शेवटी पोत्यात घालून झटकायचे, राख गळून पडायची. बाजूला मोठ्या गंजात वांग्याची झणझणीत भाजी, तुरीचं वरण. रोडगा कुस्करायचा, वर तुपाची धार. त्यानंतर दुपारी कोणी कोणाशी बोलत नसे, सगळे आडवे.

आता इतिहास. 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून बालाघाट जिल्हा झाला. राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. मी तेव्हा पहिलीत असेन. भंडाऱ्याहून मोठ्या काकांचं पत्र आलं, 'आता परक्या राज्यात कशाला राहता, या इकडे.' आई तयार होती. बाबा गेले नाहीत. 1962 ला मँगनीज ओर इंडिया कंपनी निघाली, तिचं मुख्यालय नागपूरलाच. मग आमचं असं झालं की सरकार भोपाळचं, पगार नागपूरचा, बाजार गोंदियाचा, शाळा हिंदीची. मराठी उरली ती घरात आणि जगऱ्याभोवती. त्यामुळे रोडग्याला कोणी बाटी म्हटलं की बाबा पेटायचे. ते काही जेवणावरून नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

त्यांचं खरं भांडण शेजारच्या पोवार काकांशी. पोवारांची परंपरा सांगते की ते माळव्यातल्या धारहून इकडे आले. काका म्हणायचे, रोडगा आमच्याच पूर्वजांनी आणला, तुम्ही पदर काढून नाव बदललं. बाबा लगेच एकनाथांना उभं करत. सोळाव्या शतकात पैठणला बसून नाथांनी भारुडात भवानीला रोडग्याचा नवस बोललाय, तेव्हा तुमचे पूर्वज कुठे होते? पुरावा बिनतोड. पण खरं सांगू का, नाथांनी शब्द दिला, पदरांचं काही लिहून ठेवलं नाही. बँकेच्या नोकरीत उज्जैनला होतो तेव्हा बाफले खाताना काकांचं बोलणं आठवायचं. बाबांना मात्र हे कधी बोललो नाही.

माझा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडे दक्षिणेत विस्तवावर मंद भाजलेल्या मांसावरून टेक्सास आणि कॅरोलायनावाले असेच हमरीतुमरीवर येतात. म्हटलं, चला, आपण एकटे नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला, जगऱ्यावर रोडगे करायचे. गोवऱ्या कुठेच मिळेनात. शेवटी मिळाल्या त्या त्याच पोवार काकांच्या घरून. त्यांची सून घमेलं घेऊन आली आणि खुर्ची टाकून बसली, म्हणाली, "तुम्हाला राख जमणार नाही." खरंच जमली नाही. माझी पहिली खेप एका बाजूने जळाली. दुसरी तिने लावली, आणि ठोकून बघायचं काम तेवढं मला दिलं.