ठेंगू उंदीर आणि पीयूषिकेची जनुके

सस्तन प्राण्यांची पीयूषिका ग्रंथी कोणती जनुके घडवतात याचा शोध एका ठेंगू उंदरापासून सुरू झाला. जॉर्ज स्नेल यांनी १९२९ साली या उंदरांची नोंद प्रसिद्ध केली. जन्मतः ही पिल्ले भावंडांसारखीच दिसत. पुढे काही दिवसांत त्यांची वाढ मागे पडे, तोंड आणि शेपूट आखूड राहत आणि मोठेपणीही ती भावंडांच्या जेमतेम एक-तृतीयांश भरत. आईबाप मात्र चांगले अंगापिंडाचे असत, म्हणजे दोष अप्रभावी होता. पुढच्याच वर्षी फिलिप स्मिथ आणि मॅकडॉवेल यांनी या उंदरांची पीयूषिका तपासली. तिच्या पुढच्या भागात इओसिनने लाल रंगणाऱ्या पेशी दिसेनात. निरोगी प्राण्यांच्या पीयूषिकेचे ताजे तुकडे शरीरात बसवल्यावर मात्र ठेंगू उंदीर वाढू लागले. मूळ दोष ग्रंथीत आहे हे तेव्हाच ठरले. जनुक हाती यायला आणखी साठ वर्षे लागली.

ग्रंथीचा पुढचा भाग भ्रूणाच्या तोंडाच्या छतापासून बनतो. ते छत वर मेंदूकडे दुमडून एक पिशवी तयार होते. मार्टिन राट्के यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला राट्केची पिशवी म्हणतात. मागचा भाग मेंदूतूनच खाली उतरतो. पिशवीच्या पेशींतून पुढे संप्रेरके स्रवणाऱ्या पाच प्रकारच्या पेशी तयार होतात. स्नेलच्या उंदरांत वाढीचे संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक बनवणारे तीन प्रकार नव्हते. अधिवृक्क आणि जननग्रंथींना चेतवणारे दोन शाबूत होते. एकाच दोषाने नेमके तीनच प्रकार कसे जातात, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर वेगळ्याच वाटेने आले. वाढीच्या संप्रेरकाचे जनुक फक्त पीयूषिकेतच का चालू होते, हे शोधताना सॅन डिएगोतील दोन प्रयोगशाळांनी १९८८ मध्ये एकच प्रथिन हुडकले. ते डीएनएला चिकटून दुसरी जनुके चालू करते. एका गटाने त्याला पिट-१ म्हटले, दुसऱ्याने जीएचएफ-१. पहिले नाव टिकले. १९९० मध्ये स्नेलच्या उंदरांतले हेच जनुक वाचले गेले. २९१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात २६१व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी सिस्टीन होते. डीएनएतले एकच अक्षर बदलले होते, पण तेवढ्याने प्रथिनाची डीएनएवरची पकड सुटली आणि तिन्ही प्रकारच्या पेशी घडल्या नाहीत.

आयोवातील एम्स येथे सापडलेल्या दुसऱ्या ठेंगू उंदराची नोंद १९६१ सालची. दिसायला तो स्नेलच्या उंदरासारखाच, पण दोन्ही वाणांच्या वाहकांचा संकर केला तर ठेंगू पिल्लू होत नाही. म्हणजे जनुक निराळे. १९९६ मध्ये ते सापडले. पिट-१ सुरू होण्यासाठी ते लागते, म्हणून त्याला ‘पिट-१चा प्रेषित’ या अर्थाचे प्रॉप-१ हे नाव मिळाले. ते दुहेरी काम करते: पिट-१ चालू करते आणि त्याआधी पिशवीत काम करणारे हेस-एक्स-१ बंद करते. हा क्रम चुकला तर ग्रंथी नीट घडत नाही. त्याच वर्षी एम्सचे उंदीर भावंडांपेक्षा बरेच जास्त जगतात असेही दिसले आणि वार्धक्याच्या अभ्यासात त्यांना मोठे महत्त्व आले.

बाकीची जनुके मग भराभर सापडत गेली. एलएचएक्स-३ नसेल तर पिशवी तयार होते, पण पुढे वाढत नाही. अधिवृक्काला चेतवणाऱ्या पेशींसाठी टी-पिट लागते; ते २००१ मध्ये उजेडात आले.

उंदरांतले हे ज्ञान माणसांतही खरे ठरले. पिट-१चे दोष १९९२ पासून रुग्णांत सापडू लागले, तर १९९८ मध्ये प्रॉप-१चे दोष काही कुटुंबांत आढळले. प्रॉप-१च्या रुग्णांत बहुधा जननग्रंथींना चेतवणारी संप्रेरकेही कमी पडतात. काहींमध्ये अधिवृक्काचे काम मोठेपणी मंदावते, म्हणून बालपणी उपचार सुरू झाले तरी त्यांची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. पीयूषिकेची अनेक संप्रेरके जन्मतः कमी असलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये कारणीभूत जनुक अजूनही सापडलेले नाही.