खासगी कोणाची?

‘एकांत’मधला अंत म्हणजे शेवट नव्हे, कड. चारचौघांपासून दूर, एका टोकाची जागा तो एकांत. मुळात हा शब्द जागेचा. तिथे माणूस एकटाच हवा, अशी अटही मराठीने घातली नाही. ‘दोघांना एकांत मिळाला’ असं आपण सहज म्हणतो. असं टोक शोधत मुंबईतली जोडपी थेट समुद्रापर्यंत गेली. बँडस्टँडचे खडक, मरीन ड्राइव्हचा कठडा: पुढे पाणी, पाठीशी सगळा लोकांत.

‘खासगी’चं कूळ वेगळं. अरबी ‘खास’ फारसीच्या वाटेने आपल्या दरबारात आला. बखरींतला ‘खासा’ म्हणजे धनी जातीने, स्वतः. आणि खासगी ही त्याच्या घरची मिळकत. होळकरांकडे दौलत निराळी आणि खासगी निराळी. ही खासगी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे होती. पेशवाईत तर ‘खासगीवाले’ हे आडनावच झालं. पुण्याच्या पेठा वसवणारे जिवाजीपंत त्यांपैकीच. रयतेच्या वाट्याला खासगी नव्हती. तिला आडोसा.

स्मार्टफोन आला आणि रयतेलाही खासगी मिळाली. २००९ साली ग्राइंडर हे समलिंगी पुरुषांसाठीचं ॲप निघालं. एका खोलीत सहा माणसांत बसलेला मुलगाही आता आपल्यासारख्या कुणाशी बोलू शकतो. पण समोरचा किती अंतरावर आहे, हेही ते ॲप सांगतं. तीन ठिकाणांहून अंतर घेतलं की माणसाचा ठावठिकाणा निघतो. २०१४ मध्ये हे उघड झालं, आणि इजिप्तसारख्या देशांत कंपनीने अंतर दाखवणं थांबवलं. तिथे पत्ता लागणं म्हणजे तुरुंग. खासगी हाती आली, एकांत गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीचा हक्क जागेपासून सोडवला. तो व्यक्तीचा आहे, सार्वजनिक ठिकाणी गेल्याने सुटत नाही, आणि लैंगिक कल त्याच्या गाभ्यात येतो, असं त्यांनी सांगितलं. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या, ६ सप्टेंबर २०१८ च्या कलम ३७७ वरच्या निकालाला याच निकालाचा मोठा आधार होता. गंमत अशी, की ‘खासा’चा जुना अर्थही हाच: स्वतः माणूस. फक्त आता प्रत्येकजण खासा.

तरी आपली वर्तमानपत्रं या हक्काला ‘गोपनीयता’ म्हणतात. गोपनीय म्हणजे लपवण्याजोगं. कुणाचं प्रेम लपवण्याजोगं असतं, हे आधी ठरवून टाकणारा हा शब्द मला पटत नाही. तो मतपेटीला आणि सरकारी अहवालांना राहू द्या. या हक्काला ‘खासगीपण’च म्हणा.