बहुमितीय माहितीघन आणि बदलत्या सीमा : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या लोकसंख्या-आकड्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकीय माहिती-व्यवस्थापनाचा इतिहास बहुधा यंत्रांचा व आज्ञावलींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ज्या माहितीवर ही यंत्रे चालतात, त्या माहितीचा स्वतःचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. बहुमितीय घनातील आकडे बिझनेस इंटेलिजन्स मंचावर उतरविताना हीच उपेक्षा चुकीच्या निष्कर्षांना कारणीभूत होते. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्हा व कल्याण-डोंबिवली यांच्या जनगणना-आकड्यांच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे.

माहितीघन : संकल्पना व उगम

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले आणि माहिती ओळी व स्तंभ यांच्या तक्त्यांत साठविण्याची पद्धत रूढ झाली. दैनंदिन नोंदींसाठी ही रचना उत्तम होती. परंतु 'कोठे, केव्हा व कोणत्या गटात' असे अनेक अंगांचे प्रश्न एकाच वेळी विचारणाऱ्या विश्लेषकास ती अपुरी वाटू लागली. १९९३ मध्ये कॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विश्लेषणासाठी 'ओलॅप' ही संज्ञा रूढ केली. १९९६ मध्ये जिम ग्रे व सहकाऱ्यांनी 'डेटा क्यूब' ही क्रिया मांडली. त्याच वर्षी राल्फ किंबॉल यांचा माहितीकोठारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये आपल्या एस्क्यूएल सर्व्हरसोबत ओलॅप सेवा दिल्यानंतर हे तंत्र मध्यम आकाराच्या संस्थांच्याही आवाक्यात आले.

माहितीघनात दोन प्रकारचे घटक असतात. मोजलेली राशी म्हणजे माप आणि ती ज्या अंगांनी पाहावयाची ती मिती. लोकसंख्या हे माप. स्थल, काल, लिंग, साक्षरता या मिती. प्रत्येक मितीत एक उतरंड असते : गाव, तालुका, जिल्हा, राज्य. घनाची जुळणी मंचाशी करताना मितींचे रूपांतर निवडीच्या रकान्यांत, उतरंडींचे रूपांतर वरून खाली जाण्याच्या वाटांत आणि मापांचे रूपांतर बेरजेच्या सूत्रांत करावे लागते. या सर्व व्यवहारात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, मितीतील सदस्य स्थिर असतात. 'कल्याण' म्हटल्यावर काल जे होते तेच आजही आहे.

ठाणे जिल्हा : 'स्थल' मितीचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. १८८२ च्या गॅझेटिअरमधील ठाणे जिल्ह्यात पनवेल व कर्जत हे तालुके समाविष्ट होते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात गेले. साष्टीचा मोठा भाग १९२० मध्ये स्थापन झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणजेच मितीत एक संपूर्ण नवा सदस्य निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा १,१०,६०,१४८ लोकसंख्येचा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पंधरापैकी आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ चेच आकडे नव्या सीमांनुसार मांडले असता ठाण्याची लोकसंख्या ८०,७०,०३२ व पालघरची २९,९०,११६ भरते. एकाच वर्षाचे, एकाच नावाचे दोन आकडे येथे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. कोणत्या सीमांनुसार, हे सांगितल्याशिवाय त्यांपैकी कोणताही आकडा अर्थपूर्ण ठरत नाही.

कल्याण-डोंबिवली : सत्तावीस गावांचे उदाहरण

कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्यात कल्याण व डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची अनेक गावे समाविष्ट होती. १९९२ मध्ये अंबरनाथ व बदलापूर वेगळे झाले. २००२ मध्ये सत्तावीस गावे महानगरपालिकेतून वगळण्यात आली व तेथे ग्रामपंचायतींचा कारभार आला. २०१५ मध्ये तीच गावे पुन्हा समाविष्ट झाली. गावांमधून स्वतंत्र नगरपरिषदेची मागणी होत राहिली. २०२० मध्ये शासनाने त्यांपैकी अठरा गावे वेगळी करण्याचा निर्णय घेतला, परंतु उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द ठरविला.

या घडामोडींचा आकड्यांवरील परिणाम पाहण्यासारखा आहे. २००१ मध्ये कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे ११ लाख ९३ हजार होती, तर २०११ मध्ये सुमारे १२ लाख ४७ हजार. दशवार्षिक वाढ सुमारे साडेचार टक्के. याच काळात ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १२ लाख ६२ हजारांवरून सुमारे १८ लाख ४१ हजारांवर गेली. वाढ सुमारे ४६ टक्के. हे चार आकडे जसेच्या तसे मंचावर चढविले, तर पडद्यावर दोन स्तंभ दिसतील आणि कल्याण-डोंबिवलीची वाढ थांबली असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात पहिल्या आकड्यात सत्तावीस गावे आहेत व दुसऱ्यात नाहीत. आज्ञावलीने बेरीज चुकविलेली नाही. तुलना मात्र दोन भिन्न प्रदेशांची झाली आहे.

याचे परिणाम कागदापुरते मर्यादित नाहीत. पाणीपुरवठा, घनकचरा, शाळा व रुग्णालये यांचे नियोजन लोकसंख्येच्या अंदाजांवर होते आणि अंदाज मागील वाढीच्या दरावर बेतलेले असतात. जी गावे कधी आत व कधी बाहेर होती, त्यांतील रहिवासी अशा मांडणीत सर्वप्रथम नजरेआड होतात.

जुळणीची पद्धती

किंबॉल यांनी अशा मितींना 'संथपणे बदलणाऱ्या मिती' म्हटले व त्यांच्या हाताळणीचे मार्ग सुचविले. जुने मूल्य पुसून नवे लिहिणे हा पहिला मार्ग सोपा आहे, पण तो इतिहासच पुसतो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक बदलासाठी नवी नोंद करून तिला 'पासून' व 'पर्यंत' अशा तारखा दिल्या जातात. ठाण्यासारख्या प्रदेशासाठी हाच मार्ग योग्य होय.

त्यासाठी गाव व प्रभाग हे सर्वांत लहान घटक मूळ एकक मानावे लागतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक होता. २००१ ची संकेतांक-रचना निराळी होती. म्हणून दोन्हींना जोडणारा सेतू-तक्ता आधी तयार करावा लागतो. दुसरे असे की, एकच गाव दोन उतरंडींत असते : गाव-तालुका-जिल्हा ही महसुली उतरंड आणि प्रभाग-महानगरपालिका ही नागरी उतरंड. सत्तावीस गावे नागरी उतरंडीत आत-बाहेर झाली, तरी जमिनीवर जागच्या जागीच राहिली. या दोन उतरंडी एकाच वाटेत कोंबल्यास काही लोकसंख्या दोनदा मोजली जाते वा गळून जाते. तिसरी दक्षता मापांची. लोकसंख्येची बेरीज स्थलानुसार करता येते, कालानुसार नाही. साक्षरतेचे प्रमाण तर कोणत्याच मितीत बेरजेस पात्र नाही. दोन हजार वस्तीचे गाव व वीस हजार वस्तीचा प्रभाग यांच्या टक्केवारीची साधी सरासरी काढणे अशास्त्रीय ठरते. म्हणून घनात टक्केवारी न साठविता साक्षरांची संख्या व सात वर्षे आणि त्यावरील लोकसंख्या साठवावी आणि भागाकार प्रत्येक पातळीवर मंचाने करावा.

निष्कर्ष

माहितीघनाची जुळणी ही केवळ तांत्रिक क्रिया नसून ती ऐतिहासिक चिकित्साही आहे. स्मार्ट सिटी अभियानात २०१६ मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली आणि आकड्यांवर आधारित कारभाराची भाषा रूढ झाली. त्यामुळे या चिकित्सेची निकड वाढली आहे. २०२१ ची जनगणना लांबल्यानंतर १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख असलेल्या जनगणनेची अधिसूचना २०२५ मध्ये निघाली. तिचे आकडे येतील तेव्हा सीमा कायम राहिल्यास कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत उलट भ्रम निर्माण होईल. २०११ च्या पायाभूत आकड्यात सत्तावीस गावे नाहीत व नव्या आकड्यात ती असतील. २००१-२०११ मध्ये जी वाढ खोटी कमी दिसली, ती आता खोटी जास्त दिसेल. हे टाळावयाचे असेल, तर सत्तावीस गावांचे २०११ चे आकडे वेगळे काढून पायाभूत आकड्यात मिळविण्याचे काम नवे आकडे हाती येण्यापूर्वीच पूर्ण झाले पाहिजे.