विम्याविना धावणारी वाहने : अंमलबजावणी कुठे अडते?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक जागी वाहन वापरायचे तर त्याचा निदान 'थर्ड पार्टी' विमा उतरवलेला असलाच पाहिजे. हा विमा गाडीमालकाच्या सोयीसाठी नाही. त्याची गाडी चोरीला गेली किंवा चेपली, तर या पॉलिसीतून त्याला एक रुपयाही मिळत नाही. ज्याने कधी हप्ता भरला नाही, अशा पादचाऱ्यासाठी किंवा सायकलस्वारासाठी हे संरक्षण आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवते आणि विमा असेल तर ती कंपनीकडून वसूल होते. तेव्हा या सक्तीची अंमलबजावणी तपासायची तर किती चलाने फाडली हे मोजून भागणार नाही. जखमीच्या किंवा मृताच्या घरी पैसे पोहोचले का, हे पाहावे लागेल.

चित्र निराशाजनक आहे. देशातल्या नोंदणीकृत वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा चालू नाही, ही बाब संसदीय समितीपुढेही आली. यातली कित्येक वाहने केव्हाच भंगारात गेलेली असतात, पण त्यांची नोंदणी रद्द झालेली नसते. त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरता येणार नाही. तशी वाहने वगळली तरी उरतो तो धोका मोठाच आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकींचा आहे.

दंड कमी म्हणून लोक विमा काढत नाहीत, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 196 खाली पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड 4,000 रुपये. 1 जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता कर वगळून 3,416 रुपये होता. इथे पहिला दंड हप्त्याहून स्वस्त पडतो, हे मान्य. पण 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला हप्ता अवघा 714 रुपये, म्हणजे दंड त्याच्या जवळजवळ तिप्पट. तरीही विम्याविना फिरणाऱ्यांत दुचाक्याच जास्त. याचा अर्थ दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याची शक्यता निर्णायक ठरते, आणि ती अगदीच थोडी आहे. नाक्यावरचा हवालदार हेल्मेट पाहतो, सिग्नल तोडणारा पाहतो. पॉलिसी संपली आहे हे गाडीकडे बघून कळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ही अडचण शोरूमच्या दारातच अडवली. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच बंधनकारक झाला. उपाय चांगला होता, कारण त्यात कोणाला रस्त्यात अडवावे लागत नाही. मात्र ती मुदत सरली की मालक पुन्हा एकटा. तोपर्यंत दुचाकी बहुधा दुसऱ्याच्या हाती गेलेली असते. व्यवहारात फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, पैसे मिळतात, किल्ली दिली जाते, आणि आरटीओत नाव बदलायचे राहून जाते. नूतनीकरणाचा निरोप जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतो आणि तो पुसून टाकतो. पुढे अपघात झाला, तर नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या 2018 च्या निकालाप्रमाणे भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच येते. गाडी विकून मोकळा झालो असे मानणाऱ्याला हे न्यायाधिकरणाची नोटीस आल्यावर समजते.

अपघातानंतरचा एक उपाय त्याच वर्षी उषादेवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात आला. विमा नसलेली गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये आणि हमी न मिळाल्यास ती विकून रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा करावी, असा नियम सर्व राज्यांनी करावा, असे न्यायालयाने सांगितले. तत्त्व रास्त आहे. पण पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गंजत पडलेली जुनी दुचाकी लिलावात काही हजारांवर जात नाही, आणि कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई लाखांत ठरते. मालकाकडे दुसरी मालमत्ता नसेल तर विधवेच्या हातात हुकूमनाम्याचा कागद राहतो.

ब्रिटनने 2011 पासून वेगळी वाट धरली. तिथे विमा नसलेली गाडी नुसती बाळगणे हाच गुन्हा आहे. गाडी वापरात नसेल तर मालकाने तसे रीतसर जाहीर करायचे. वाहननोंदणी आणि विम्याची नोंद या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि नोटीस थेट घरी जाते. आपल्याकडे गुन्हा आजही चालवण्याचा किंवा चालवू देण्याचा आहे, म्हणजे गाडी रस्त्यावर सापडावी लागते. वास्तविक 'वाहन' ही राष्ट्रीय नोंदवही आहे, विमा कंपन्यांच्या पॉलिसींची माहितीही तिच्याशी जोडली जाते. कलम 196 मध्ये 'बाळगणे' आणून वापराबाहेरच्या गाडीच्या जाहीरनाम्याची सोय केली, तर भंगारात गेलेल्या गाड्यांचा गोंधळही त्याच ओघात निस्तरेल.

त्यानंतरही काही गाड्या विम्याविना राहतीलच. हिट अँड रनमध्ये गाडी सापडलीच नाही, तर 2022 च्या योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. गाडी सापडली, पण विमा नाही, अशा वेळी कुटुंबाला ही रक्कमही मागता येत नाही; त्याने मालकामागे धावायचे. अशा प्रकरणात भरपाई आधी मोटार वाहन अपघात निधीतून द्यावी आणि मालकाकडून वसुली सरकारने करावी. वसुलीची यंत्रणा सरकारकडे आहे, त्या कुटुंबाकडे नाही.