चार लाखांत पळणारी गाडी: कुर्ला, रांजणगाव, चाकण आणि वळसंग

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर देतोय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर मग' निम्मे काढलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितला होता: कमी पैशांत सेकंडहँड, पण जरा पळणारी हॅचबॅक कुठली घ्यायची? असल्या प्रश्नावर लोक लगेच अश्वशक्तीचे आकडे तोंडावर मारतात. मला वाटतं आधी इतिहास बघावा. कारण आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या वेगवान हॅचबॅक एक तर बंद पडल्यात, नाहीतर त्यांची कंपनीच देश सोडून गेलीये. म्हणजे तुम्ही गाडी घेताना तिच्या कंपनीचं नशीबही विकत घेत असता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळतं. लायब्ररी कितीही भारी असू द्या, सपोर्ट बंद झाला की एक दिवस रात्री दोनला फोन येतोच.

गोष्ट सुरू होते आमच्या सोलापुरातून. वालचंद हिराचंद हे नाव आमच्याकडे कॉलेजच्या फाटकावर दिसतं, पण हा माणूस मूळचा इथलाच, जन्म १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं घेत घेत वर आला, बार्शी लाइट रेल्वेचं काम सुरुवातीच्या कामांपैकी. पुढे जहाजं, विमानं, आणि १९४४ मध्ये मोटारी: प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या, मग पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी जमलं. तीच फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. पद्मिनीला तुम्ही टॅक्सी म्हणून ओळखता, पण चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच गाडीचं इंजिन खोलून, घासून, कार्ब्युरेटर बदलून शर्यती व्हायच्या. दुसरी गाडीच मिळत नव्हती, मग असेल तीच पळवायची. मोकळ्या बाजाराआधीची आपली 'स्पोर्टी' गाडी ही अशी.

नव्वदच्या दशकात फियाट स्वतः आली, कुर्ल्याचा कारखाना तिच्याकडे गेला, आणि २००१ मध्ये तिथून पॅलिओ निघाली. तिची १.६ जीटीएक्स ही माझ्या मते आपल्याकडची पहिली खरी वेगवान हॅचबॅक. सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, १०० पीएस, आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर. त्याच्या नावानं एस१० ही खास आवृत्तीही काढली होती. त्याच काळात, २००२ मध्ये, फियाटनं सचिनला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली, शूमाकरच्या हातून. मग तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून जो गोंधळ झाला तो वेगळा. मजा अशी की ती फेरारीसुद्धा शेवटी सेकंडहँडच विकली गेली, २०११ मध्ये, सुरतच्या एका उद्योजकाला. तेव्हा सेकंडहँड घेताना लाजायचं कारण नाही.

पॅलिओ सुरुवातीला चांगली खपली आणि मग घसरली. पेट्रोल पिते, सर्व्हिस सेंटर धड नाहीत, पार्ट मिळत नाहीत. हे तीन आरोप एकदा चिकटले की आपल्याकडे गाडी संपते. मारुतीनं नंतर 'कितना देती है' म्हणत जाहिराती केल्या, पण तो प्रश्न आपल्या घराघरांत त्याआधीपासून होताच.

आता या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. तो कुठल्या गाडीच्या लाँचचा नाही, बजेटचा आहे: २८ फेब्रुवारी २००६. चिदंबरम अर्थमंत्री होते. त्यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी म्हणजे काय ते लिहून ठेवलं: लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. बस. या एका वाक्यानं पुढची वीस वर्षं आपण काय चालवणार ते ठरलं.

बघा ना. २००५ ची पहिली स्विफ्ट १.३ पेट्रोल होती, आजही जुने लोक तिच्या इंजिनाच्या आठवणी काढतात. २०१० मध्ये तिच्यात १.२ आलं. गेट्झ १.३ होती, तिला १.१ चा धाकटा भाऊ मिळाला. होंडानं जॅझ आणली ती आपल्यासाठी १.२ करून. फोक्सवॅगननं २०१० मध्ये चाकणला बनवलेली पोलो आणली, तिच्यात १.६ पेट्रोल, १०५ पीएस, ठेवून बघितली. दोनेक वर्षांत गुंडाळली. १२०० च्या रेघेपलीकडे गेलं की ग्राहकाला चटका बसायचा. आपल्याकडे वेगाला कुणी बंदी घातली नाही, फक्त मोठ्या इंजिनावर कर लावला. २०१७ ला जीएसटी आला, २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलून छोट्या गाडीला १८ आणि बाकीच्यांना ४० टक्के झाले, पण रेघ तीच राहिली: ४ मीटर, १२००, १५००.

मग इंजिनिअर लोकांनी वाट काढली. सीसी वाढवता येत नाही ना, मग त्याच सीसीत हवा कोंबा. टर्बो! एप्रिल २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली: ११९७ सीसी, म्हणजे रेघेच्या ३ सीसी अलीकडे, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, आणि सात गिअरचा डीएसजी. किंमत दिल्लीत एक्स-शोरूम आठ लाखांच्या जरा आत. १.६ एवढीच ताकद, टॉर्क उलट जास्त, आणि कर छोट्या गाडीचा. तिच्या डिझेल बहिणीचं तेच, जीटी टीडीआय आधी १.६ होती, २०१४ मध्ये १.५ झाली. का झाली ते आता तुम्हीच सांगाल. फोर्डच्या २०१५ च्या फिगोत १४९८ सीसीचं डिझेल होतं, १०० पीएस आणि २१५ न्यूटन-मीटर. बाहेरून बघून कुणी म्हणणार नाही, पण हायवेला ओव्हरटेक करताना कळायचं. २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस, ९९८ सीसी टर्बो, १०२ पीएस. २०१८ च्या ऑक्टोबरात टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेमनं मिळून काढलेली टियागो जेटीपी, ११४ पीएस, ६ लाख ३९ हजारांना. कोइम्बतूर म्हणजे आपल्या मोटार रेसिंगचं माहेर, त्यामुळे त्या गाडीत हात कुणाचा लागलाय ते स्टिअरिंग धरल्यावर समजतं.

आणि एक वेडी गाडी, जिनं रेघ मानलीच नाही. फियाट तोवर कुर्ला सोडून टाटांच्या भागीदारीत पुण्याजवळ रांजणगावला आली होती. तिथलं १.३ मल्टिजेट डिझेल इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत होतं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. स्विफ्टमध्ये तेच, इंडिका विस्टात तेच. इंजिन सगळ्यांना हवं होतं, फियाटची गाडी मात्र नको होती. अशा वेळी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, फियाटनं पुंटोवर अबार्थचा विंचू चिकटवला. (कार्लो अबार्थची रास वृश्चिक, म्हणून विंचू.) १.४ टी-जेट, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, ९ लाख ९५ हजार. १३६८ सीसी, म्हणजे कर मोठ्या गाडीचा. एवढ्या पैशात एवढी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. तरी २०१९ पर्यंत फियाटनं आपल्याकडे गाड्या विकणंच थांबवलं. वालचंदांच्या कारखान्यापासून सुरू झालेली फियाटची ओळ रांजणगावला विंचवावर संपली, असं म्हणायला हरकत नाही.

एप्रिल २०२० च्या बीएस६ नं उरलेल्यांचा हिशोब केला. बलेनो आरएस आणि जेटीपी तिथंच थांबल्या. सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२२ मध्ये बारा वर्षांनी पोलो गेली.

आता वळसंगला येऊ. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं गाव, टोलनाक्यामुळे बाहेरच्यांनाही माहीत. माझा आत्तेभाऊ तिथं राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर धरा. रस्ता आता चौपदरी, सरळ, त्यामुळे पाय शिवशिवतो. बजेट चार लाख, त्यातले दीड लाख वहिनीच्या भिशीचे आणि सोनं मोडून आलेले. घरात गाडी ही एकच असणार. आत्याला डोळे दाखवायला सोलापूरला न्यायचं तेही यातच, आणि वहिनीला सहावा महिना लागलाय. त्याचा फोन आला, "दादा, अबार्थ बघितलीय पुण्यात. घेऊ का?"

वहिनी मागून म्हणाली ते मला ऐकू आलं, "भाऊजी, रात्री-अपरात्री चालू होईल अशी सांगा."

प्रश्न खरा हाच होता. मग आम्ही व्हिडिओ कॉलवर यादी घेऊन बसलो.

अबार्थ. माझं मन तिच्यावरच आहे, खोटं कशाला बोलू. पण कंपनी गेलेली. सुटे भाग मिळवायचे तर जीपच्या जाळ्यातून, नाहीतर शौकिनांच्या ग्रुपमध्ये विचारत बसायचं. टर्बोचा होज फाटला तर गाडी आठवडाभर उभी. पुण्यात राहणाऱ्या, दुसरी गाडी दारात असलेल्या माणसानं जरूर घ्यावी. वळसंगला एकुलती एक म्हणून नाही.

पोलो जीटी टीएसआय. चार लाखांच्या आसपास २०१४-१५ च्या घुटमळतात. कंपनी आहे, चाकण चालू आहे. पण तो सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, आणि त्याचा मेकॅट्रॉनिक युनिट नावाचा भाग गेला की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं. म्हणजे बजेटचा पाव हिस्सा एका फटक्यात. बघायला गेलात तर गाडी चांगली तापू द्या, मग सोलापूरच्या ट्रॅफिकसारखं रखडत चालवा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हिसका, थरथर किंवा रिव्हर्स टाकताना उशीर दिसला तर हात जोडून परत या. जुने सर्व्हिसचे कागद नसतील तरीही परत या. नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल, ११० पीएसची, ही जास्त शहाणी निवड, पण ती आमच्या बजेटच्या वर.

बलेनो आरएस. मारुतीचा मेकॅनिक अक्कलकोटातही सापडेल, ही मोठी गोष्ट. पण टर्बोचं ते इंजिन साध्या बलेनोत नाही, आणि गाड्या मुळात थोड्याच विकल्या गेल्या. चांगली मिळाली तर मालक भाव सोडत नाही.

फिगो डिझेल. रोज पन्नास किलोमीटरला हिशोबानं हीच बसते. टॉर्क मजबूत, मागणी कमी म्हणून भाव उतरलेला. फोर्ड गेली तरी सर्व्हिस अजून मिळते. मात्र इंजेक्टर आणि टर्बो तपासल्याशिवाय हात लावू नका. भावाला डिझेलचा आवाज नको होता. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

टियागो जेटीपी. बंद झालेली, तीही मोजक्या संख्येत. पण तिचं १.२ टर्बो मुळात नेक्सॉनच्या घरातलं, आणि नेक्सॉन गल्लोगल्ली आहे. म्हणजे इंजिनाचं काम सोलापुरातच होईल. उंची साध्या टियागोपेक्षा फक्त ४ मिलिमीटर कमी, गावातल्या स्पीडब्रेकरला घासणार नाही. अडचण बंपर आणि बॉनेटची, ते खास जेटीपीचे. ठोकली तर शोधत फिरा.

एक गोष्ट सगळ्या पेट्रोलवाल्यांना लागू. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि या गाड्या बनल्या तेव्हा ते डोळ्यासमोर नव्हतं. मायलेज थोडं उतरतं, आणि जुने रबरी पाइप, सील यांच्यावर नजर ठेवावी लागते. गंमत म्हणजे हे इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं. एका हातानं ऊस घालायचा, दुसऱ्या हातानं फ्युएल पाइप बदलायचा.

आणि कागद. आमच्याकडून कर्नाटक हाकेवर, त्यामुळे कलबुर्गी-विजयपुरातल्या केए पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा, हे धरलं की स्वस्ताई उडून जाते. पुण्याच्या एमएच १२ किंवा १४ ची घ्या आणि एमएच १३ च्या पत्त्यावर नावावर करून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या स्वतःच्या डोळ्यांदेखत.

तर भावानं अबार्थवाल्याला नाही कळवलं. एक दिवस तोंड पाडून होता, मी पण. आता पिंपरीत २०१९ ची एक जेटीपी बघून ठेवलीय, लाल रंगाची. रविवारी सोलापूरचा ओळखीचा मेकॅनिक सोबत घेऊन जातोय. वहिनीनं गाडीसाठी ठेवलेल्या पैशातले चाळीस हजार आधीच बाजूला काढून ठेवलेत, टायर, बॅटरी आणि विम्याला. मालकाला त्यानं फोनवर फक्त एकच प्रश्न विचारला: बंपर मूळचा आहे का बदललेला? मालक म्हणाला, येऊन बघा.